रोजची दहा पानं

पहाटे पावणेसहाला आमच्या बिल्डिंगखाली शिट्टी वाजते. दोनदा आखूड, एकदा लांब. अख्ख्या मजल्याची झोप मोडते, पण बोलायची सोय नाही, कारण शिट्टी मारणारे फ्रँक अंकल सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत आणि ज्यांच्यासाठी मारतात ते माझे बाबा अठ्ठ्याहत्तर. एकाने जन्मभर गोदीत फिटरचं काम केलं, दुसऱ्याने मंत्रालयात फायली सरकवल्या, आणि आता या वयात दोघांना निसर्ग दिसायला लागलाय.

"ऋता, मी निघालो गं!" बाबा ओरडतात. निघालो म्हणजे निघालेले नसतात. काठी, टोपी, रुमाल, पाण्याची बाटली हे सगळं त्यांचं त्यांनी घ्यायचं असतं, मी हात लावलेला चालत नाही. मग तीन जिने उतरायचे, तेही एकेक पायरी मोजत असल्यासारखे. खाली गेले की बसने हँगिंग गार्डनला वर आणि चौपाटीकडून चालत खाली. आठला परत. मला तेव्हा डबा भरायची घाई असते आणि यांना तांबट पक्षी कुठल्या झाडावर टुकटुक करत होता ते सांगायचं असतं.

"आज धनेश होता. उंबरावर. काय ओरडत होता! आणि बहावा तर नुसता पिवळाधमक."

"बाबा, माझी आठ पंचवीसची बस जाईल."

"जाऊ दे की. दुसरी येते."

येते! यांच्या मंत्रालयात येत असेल.

एरवी मी हे सगळं ऐकून सोडून दिलं असतं. पण या उन्हाळ्यात बाबा काय करतात, काय खातात, कुठे धडपडतात, या सगळ्यावर माझं पुढचं आयुष्य अडकलं होतं. एप्रिलच्या दहा तारखेला ऑफिसात पत्र मिळालं. मॅनेजर, नागपूर, दोन वर्षं. होकार किंवा नकार एकतीस मेपर्यंत कळवा. मी बावन्न वर्षांची आहे. सहा वर्षांपूर्वी असंच पत्र आलं होतं, तेव्हा आई अंथरुणावर होती, मी नाही म्हटलं. आमच्या कंपनीत दोनदा नाही म्हटलं की नाव यादीतून जातं, आणि मग रिटायर होईपर्यंत काल आलेल्या पोरांना सर सर करत बसायचं. मला या वेळी जायचं होतं. लग्न केलं नाही, त्याचं काही वाटत नाही. पण ती खुर्ची मला हवी होती.

अडचण एकच होती, आणि ती गॅलरीत आरामखुर्चीवर बसलेली होती. बाबांचा उजवा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला. पडद्याचं दुखणं. डाव्यावर लक्ष ठेवा म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. फेब्रुवारीतल्या तपासणीला फ्रँक अंकल घेऊन गेले, कारण मला रजा नव्हती. आल्यावर बाबा म्हणाले, "ठीक आहे सगळं." रिपोर्ट कुठे, तर फ्रँककडे राहिला. फ्रँक अंकलना विचारलं तर म्हणाले, हेमूच्या, म्हणजे बाबांच्या, पिशवीत टाकला. तेवढ्यात मार्च उजाडला, ऑफिसात वर्षअखेर, आणि तो रिपोर्ट माझ्या डोक्यातून गेला तो गेलाच. यात चूक माझीही आहे, ते मी आधीच कबूल करून टाकते.

पत्र दाखवलं त्या रात्री जेवताना मी म्हटलं, "तुम्हाला एकटं टाकून मी जाणार नाही."

बाबांनी वरणभात कालवला, शांतपणे दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "माझा भाग तीन राहिलाय."

आता हा भाग तीन काय ते सांगायला हवं. आमच्याकडे कोकणातल्या बंदरांच्या इतिहासाचे पाच खंड आहेत. बारीक टाइप, प्रत्येक पानाखाली तळटीपांची गर्दी. बाबांची पुस्तकं बिनकव्हराची कधीच नसतात. दरवर्षी जुनं कॅलेंडर उतरलं की त्याची पानं पुस्तकांच्या कव्हरांना, कोरी बाजू बाहेर, आणि कण्यावर काळ्या मार्करने नाव. अख्खं कपाट पांढरं दिसतं. आई म्हणायची, लग्नात मलाही कव्हर घातलं असतं यांनी. बाबांनी रिटायर झाल्यावर पहिले दोन भाग वाचले, तिसरा हातात घेतला आणि आई आजारी पडली. तेव्हापासून तो तसाच होता.

"चारशे ऐंशी पानं आहेत," बाबा म्हणाले. "परवापासून रोज दहा. मे संपायच्या आत पुस्तक संपतं. रोज संध्याकाळी मी तुला काय वाचलं ते सांगणार. ज्याचे डोळे आणि डोकं एवढं चालतं त्याला राखणदार लागत नाही. मग जाशील?"

"आणि नाही संपलं तर?"

"तर नको जाऊस. कबूल?"

मी कबूल म्हटलं. मला वाटलं, आठ दिवसांत दमतील.

दमले नाहीत. एप्रिल तापला, मे त्याहून तापला. पंखा गरम वारा खाली ढकलत होता, अंगाला कपडे चिकटत होते, दुपारी तीनला गॅलरीच्या कठड्याला हात लावायची सोय नव्हती. आणि त्या गॅलरीत, ओला पंचा डोक्यावर घेऊन, मांडीवर पांढऱ्या कव्हरातला भाग तीन उघडून बाबा बसलेले. शनिवार-रविवारी मी घरी असायची तेव्हा बघायची. मान खाली, बोट ओळीवर, मधूनच एक पान उलटायचं. मला त्या ध्यानाचा राग यायचा आणि कौतुकही वाटायचं. घरात उकाड्याने जीव जातोय, स्वयंपाकाच्या शैलाताई पोळ्या लाटता लाटता तोंडावर पाणी मारतायत, आणि हे सोळाव्या शतकात!

"बाबा, आत बसा ना. पंख्याखाली."

"इथे उजेड आहे."

"बघू किती झालं?"

"हात धुतलेस का? खूण हलेल. तिकडेच राहा."

ही जुनीच गोष्ट. बाबांच्या पुस्तकाला हात लावायचा तर आधी हात धुवा, पुसा, मग कारण सांगा. मला पोर्तुगिजांच्या गलबतांशी काय घेणंदेणं? मी त्यांच्या नादाला लागले नाही.

संध्याकाळी साडेसातला मात्र मी समोर खुर्ची घेऊन बसायची. परीक्षाच. आणि बाबा सांगायचे, अगदी रंगवून. कुठल्या खाडीत गाळ कसा भरला, कुठल्या बंदरातला व्यापार कोणी पळवला, जकातीवरून कोण कोणाच्या उरावर बसलं. मी दिवसभराची वैतागलेली, पाय ठणकत असायचे, पण ऐकता ऐकता चहा थंड व्हायचा. नंतर नंतर एक गंमत व्हायला लागली. सांगता सांगता बाबा म्हणायचे, "फ्रँकचं म्हणणं, हे साफ खोटं आहे. त्याच्या आजोळच्या लोकांनी असं कधीच केलं नसणार."

"म्हणजे फ्रँक अंकलशी चर्चा होते यावर?"

"मग काय, बाकावर बसून पाखरंच मोजायची?"

आणखीही दोन गोष्टी खटकल्या होत्या. एकदा मी विचारलं, ही माहिती कुठून काढली लेखकाने, तळटीपेत काय आहे? तर म्हणाले, "तळटीपा काय वाचायच्या!" जन्मात एक तळटीप न सोडलेला माणूस! आणि एकदा रविवारी त्यांच्या चष्म्यावर आमरसाचा हा एवढा वाळलेला डाग दिसला. सकाळच्या जेवणातला. संध्याकाळचे पाच वाजले होते. "अहो, या काचेतून तुम्ही दुपारभर वाचत होतात?" मी चष्मा ओढून घेतला, साबणाने धुतला, वर दहा मिनिटं तोंड सोडलं. बाबा नुसते खुर्चीचा हात चोळत राहिले. मला वाटलं, खजील झाले.

इतकं समोर मांडून ठेवलेलं असताना मला दिसलं नाही. आणि डोळे माझे चांगले, म्हणे.

पंधरा मेला तीनशे चाळीस पानं झाली आणि पुस्तक संपायची वाट न बघता मी होकार पाठवला. नऊ जूनला हजर व्हायचं होतं. बाबांनी शैलाताईंना पाठवून पाव किलो पेढे मागवले, त्यातले दोन फ्रँक अंकलच्या नावाने बाजूला ठेवले आणि मला म्हणाले, "चल, एक काम झालं." तेव्हाही मला काही कळलं नाही.

सत्तावीस तारखेला अर्धी रजा घेऊन मी मोठी बॅग आणायला गेले. बॅग घेऊन तीन जिने चढून वर येते तो सात वाजायला आलेले, आणि बाहेर एकदम अंधारून आलं. वारा सुटला तो असा की रस्त्यावरची धूळ तिसऱ्या मजल्यावर. कोणाचा तरी पत्रा उडाला. आमच्या सगळ्या खिडक्या एकदम आपटायला लागल्या, शेल्फावरचा पेला खाली पडून फुटला आणि तेवढ्यात लाइट गेले. मी दारातून आत धावले ती माझ्याच नव्या बॅगेवर अडखळले आणि नडगी फोडून घेतली. मोबाइल पर्समध्ये, पर्स कुठे ते कळेना.

"जागची हलू नकोस," बाबांचा आवाज आला. "काचा आहेत तुझ्या पुढ्यात."

मग मला नुसते आवाज ऐकू येत राहिले. स्वयंपाकघराची खिडकी बंद झाली, कडी लागली. न्हाणीघराचं दार. मधल्या खोलीच्या दोन्ही खिडक्या. एकदाही काही धडकलं नाही, पडलं नाही. खण उघडला, मिटला. आणि अंधारात माझ्या हातात बाबांनी मेणबत्ती आणि काडेपेटी दिली.

"लाव," म्हणाले.

मी मेणबत्ती लावली. आणि खरं सांगते, त्या मिनिटाला मला इतकं हलकं वाटलं! म्हटलं, हा माणूस माझ्याशिवाय राहू शकतो. उगाच मी जिवाला घोर लावून घेतला. खुशाल जावं नागपूरला.

तेवढ्यात गॅलरीत टपटप आवाज झाला आणि पाऊस आडवा आत यायला लागला. आरामखुर्चीवर भाग तीन उघडाच पडलेला. हात न धुताच मी धावले आणि तो उचलून आणला. कॅलेंडरच्या कागदाचा लगदा झाला होता, माझ्या हातात कव्हर निघून आलं.

आत भाग तीन नव्हता. तपकिरी रेक्झिनची डायरी होती. आईची. आईने तीस वर्षं त्यात पाककृती लिहिल्या, मासिकातली कात्रणं चिकटवली, ती फुगून ही एवढी जाड झालेली. बसचं तिकीट खूण म्हणून घातलं होतं ते पान मी मेणबत्तीपाशी धरलं. कैरीचं तक्कू. खाली आईच्या अक्षरात, ऋतासाठी गूळ जास्त.

मी ते पान तीन वेळा वाचलं. मग विचारलं, "बाबा, आज कितवं पान झालं?"

"चारशे साठ," बाबा म्हणाले. "अगं, पुस्तक बाहेर राहिलं! भिजेल."

"आणलंय मी."

त्यांनी हात पुढे केला. मी डायरी त्यांच्या हातात ठेवली. त्यांची बोटं रेक्झिनवरून फिरली, कडेला गेली, थांबली. बाहेर वारा नुसता घोंघावत होता.

"कव्हर गेलं का?" त्यांनी विचारलं.

माझा संयम तिथे सुटला. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. शेजारच्या खोलीतल्यांनी ऐकलं असणार, पावसाच्या आवाजातही. किती दिसतं, म्हणून विचारलं. "उजेड कळतो. खिडकी कुठे आहे ते कळतं. तू आलीस की काहीतरी हलल्यासारखं दिसतं." कधीपासून? "फेब्रुवारी." म्हणजे तो रिपोर्ट! "तो फ्रँककडेच आहे," बाबा म्हणाले, जसा काही रिपोर्ट कुठे आहे हाच प्रश्न होता.

"आणि आईची डायरी? तीच सापडली नाटक करायला?"

"फ्रँकला पुस्तक नेता यावं म्हणून कव्हर काढलं. मग तेवढंच जाड काहीतरी हवं होतं, हाताला ती लागली. पहिल्यांदा कळलं नाही. मग हिंगाचा वास आला." ते थोडं थांबले. "दुपारभर हात कशावर तरी ठेवायचाच होता. म्हटलं, हिच्यावर ठेवावा."

मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून जास्तच राग आला. मी छत्री घेतली आणि निघाले. जिन्यात लाइट आले.

फ्रँक अंकल खोताच्या वाडीत राहतात, आमच्याकडून दहा मिनिटं. पाऊस तोवर ओसरला होता, वाडीत पानांचा आणि फांद्यांचा खच पडला होता. अंकल व्हरांड्यात दिव्याखाली बसले होते, नाकावर चष्मा, हातात पेन्सिल, पुढ्यात भाग तीन. उघडाबोडका, कव्हराशिवाय. मला बघून त्यांनी तो झाकायचासुद्धा प्रयत्न केला नाही.

"कळलं?" म्हणाले.

"लाज नाही वाटली? दोघांनी मिळून मला मूर्ख बनवलंत! मी होकार देऊन बसले! तुम्ही वाचायचं आणि त्यांनी मला येऊन ऐकवायचं, असंच ना?"

"सकाळी बाकावर दहा पानं वाचतो. हेमूला एकदा ऐकलं की पाठ. मी काय, मी नुसता वाचणारा."

आतून त्यांच्या बायकोचा, रोशेल आंटींचा आवाज आला. "नुसता वाचणारा! ऋता, ये, बस तू. दीड महिना झाला, रोज संध्याकाळी माझ्या सिरियलच्या टायमाला हा मोठ्याने प्रॅक्टिस करतो. एक पान चार वेळा. कान किटले माझे. मला पण सगळी बंदरं पाठ झाली."

मी पुस्तक हिसकावून घेतलं. पानापानावर पेन्सिलीच्या उभ्या रेघा. प्रत्येक लांबलचक शब्द तोडलेला, दोन ठिकाणी, तीन ठिकाणी, म्हणजे वाचताना अडखळायला नको. काही शब्दांवर इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहिलेला. चारशे साठ पानं अशी. तळटीपा तेवढ्या कोऱ्या होत्या.

"शाळेत मराठीत मला पस्तीस मार्क," अंकल म्हणाले. "ते पण सरांनी ढकलला म्हणून. खालचे बारीक अक्षर मी सोडतो, हेमूला सांगून सोडतो. फसवत नाही त्याला."

"त्यांना नाही फसवत. मला फसवता."

"तुला फसवलं," ते सरळ म्हणाले. "मी बोललो हेमूला, पोरीला सांग. तो ऐकत नाही. बोलतो, मागच्या वेळी तिच्या आईसाठी राहिली, आता माझ्यासाठी राहिली तर मी तिला तोंड कसं दाखवू? सहा वर्षं हे एकच ऐकतो मी त्याच्याकडून. तू ओरड मला, पाहिजे तेवढं ओरड. पण परवा पुस्तक संपतं. वीस पानं राहिली. ती वाचू दे."

मी पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं आणि परत आले. रिपोर्ट आणायला गेले होते, तो पुन्हा राहिलाच.

घरी आले तर बाबांनी फुटलेल्या काचा केरसुणीने एका कोपऱ्यात गोळा केल्या होत्या. मी खाली वाकून पाहिलं, एक तुकडा राहिला नव्हता. त्याचाही मला राग आला.

"मी जात नाही," मी म्हटलं. "उद्या मेल करते. घरची अडचण म्हणून होकार मागे घेते."

"कबूल काय झालं होतं? पुस्तक संपलं तर जायचं. संपतंय."

"तुम्ही वाचलेलं नाहीत!"

"ऐकलंय. विचार कुठलंही पान."

"बाबा, गॅस पेटवताना भाजलं तर?"

"मी गॅस पेटवतच नाही. शैलाताई दोन्ही वेळचं करून, शेगडी बंद करून जाते."

"गोळ्या?"

"फ्रँक रविवारी आठवड्याच्या डबीत भरून देतो. चार महिन्यांत एक चुकली असेल तर दाखव."

चार महिने! आणि मी रोज रात्री गोळी घेतली का, गोळी घेतली का, म्हणून त्यांच्या मागे लागत होते.

"मग असं करा," मी म्हटलं, "तुम्ही चला माझ्याबरोबर. कंपनीचं घर आहे, तळमजला, लिफ्टची भानगड नाही. बाई ठेवू दिवसभराची."

बाबांनी डायरी पुन्हा मांडीवर ओढून घेतली.

"नागपूरला मी आंधळा होईन, ऋता," ते म्हणाले. "इथे मला नुसतं दिसत नाही."

मी ताटं आपटत वाढली, आपटत उचलली, आणि आत जाऊन मोबाइलवर मेल लिहिला. अपरिहार्य कौटुंबिक कारणामुळे वगैरे. पाठवायचं बटण तेवढं दाबलं नाही. म्हटलं, सकाळी साहेब येण्याआधी पाठवू.

पावणेसहाला शिट्टी वाजली. दोनदा आखूड, एकदा लांब. मी चपला घातल्या.

"तू कुठे?" बाबांनी विचारलं.

"निसर्ग बघायला," मी म्हटलं.

अख्ख्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले. बसच्या पायरीशी अंकलनी नुसता खांदा पुढे केला, बाबांचा हात त्यावर आला. मी मदतीला पुढे केलेला हात तसाच राहिला. बागेत पोचलो तर कालच्या वादळाने सगळीकडे फांद्या पडलेल्या, माळी झाडत होते.

"बहावा?" बाबांनी विचारलं.

"खलास," अंकल म्हणाले. "झाडावर काही नाही. सगळा खाली पडलेला. तुझ्या पायाखाली पिवळा आहे."

"असू दे. आता शेंगा धरतील." बाबांनी चपला काढल्या आणि पाकळ्यांवर दोन पावलं चालून आले. वर कुठेतरी तांबट लागला होता, टुक, टुक, टुक. मला पाच मिनिटं दिसला नाही. बाबांनी काठीने बरोबर फांदी दाखवली.

मग त्यांचा ठरलेला बाक. अंकलनी पिशवीतून भाग तीन काढला, चष्मा पुसला, बोट ठेवलं. पान चारशे एकसष्ट. आणि वाचायला लागले. काय ते वाचणं! एकेक शब्द चाचपडत, पेन्सिलीच्या रेघेपाशी थांबत, पूर्णविराम गाळून, स्वल्पविरामाला दम घेत. मला ऐकवेना. बाबा मात्र डोळे मिटून, हनुवटी काठीवर टेकवून ऐकत होते. ओठ हलत होते. संध्याकाळी मला सांगायचं म्हणून ते पाठ करत होते. कालच्या सगळ्या प्रकारानंतरही.

तिसऱ्या ओळीत अंकल एका लांब शब्दाशी अडले. एकदा, दोनदा. मला राहवलं नाही, मी वाकून तो शब्द वाचला आणि पुढची ओळही वाचून टाकली, भराभर, नीट. अंकलनी पानावरचं बोट उचललं.

"ऋता, मध्ये बोलू नकोस गं," बाबा खेकसले. "वाचू दे त्याला. तो बरोबर वाचतो."

ज्यांच्यासाठी मी नागपूर सोडणार होते, त्यांना माझी अडचण होत होती. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. बाकाच्या टोकाला सरकून मी मोबाइल काढला. होकार मागे घेण्याचा कालचा मेल तिथेच होता, मला लहान अक्षरं छान दिसत होती. मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि डिलीट केला.

"हेमू, पुढे जाऊ?" अंकलनी विचारलं.

"नाही, चारशे एकसष्ट पहिल्यापासून घे," बाबा म्हणाले. "ही बोलली त्यात माझं तुटलं."